सूड हातात आला तेव्हा: 'ले मिझराब्ल'मधल्या क्षमेचं एक प्रकरण

'ले मिझराब्ल' या म्युझिकलमधला एक प्रसंग. जून 1832, पॅरिस. जनरल लामार्क यांच्या अंत्ययात्रेतून उसळलेला उठाव एका बॅरिकेडपाशी येऊन अडकला आहे. आत मूठभर विद्यार्थी, बाहेर सैन्य. बॅरिकेडमागे एक माणूस दोरीने जखडून ठेवला आहे, पोलीस निरीक्षक जावेर. वेश पालटून तो हेरगिरीला आला होता. एका चुणचुणीत पोराने त्याला ओळखलं आणि आता त्याला संपवणंच काय ते बाकी आहे. ते काम एक पिकल्या केसांचा माणूस मागून घेतो. थोड्याच वेळापूर्वी त्याने विद्यार्थ्यांच्या म्होरक्याचा जीव वाचवला आहे, म्हणून त्याची मागणी लगेच मान्य होते. हा माणूस ज्याँ वालज्याँ. एक पाव चोरल्याबद्दल पाच वर्षं आणि पळून जायच्या प्रयत्नांबद्दल चौदा, अशी एकोणीस वर्षं त्याने सक्तमजुरीत काढली आहेत. पॅरोलचे नियम मोडून तो नाहीसा झाला, तेव्हापासून जावेर त्याच्या मागावर आहे.

दोघे एकटे उरतात. वालज्याँच्या हातात सुरी आहे. जावेरची खात्री आहे की या क्षणाची हा माणूस वर्षानुवर्षं वाट पाहत असणार. वालज्याँ दोरी कापतो आणि निघून जायला सांगतो. जावेरचा विश्वास बसत नाही. एकदा चोर तो कायमचा चोर, तुला माझ्या जिवाच्या बदल्यात तुझी सुटका हवी आहे, सौदा करतोयस, असं तो म्हणतो. सोडलंस तरी मी तुला पकडणारच, अशी धमकीही देतो. वालज्याँचं उत्तर तीन वाक्यांत मावतं. यात कुठलीही अट नाही. तू तुझं कर्तव्य केलंस, माझा तुझ्यावर राग नाही. आणि इथून जिवंत बाहेर पडलो तर माझा पत्ता हा. तो खरा पत्ता देतो, हवेत गोळी झाडतो, आणि बाकीच्यांना वाटतं की हेर मेला.

काही तासांनी जावेर सेन नदीत उडी घेतो.

क्षमा आणि सूड यांबद्दलची ख्रिस्ती शिकवण एखाद्या प्रसंगावर घासून पाहायची असेल, तर मी नेहमी हाच प्रसंग पुढे ठेवतो. क्षमेचा शेवट गोड होतो अशी आपली समजूत असते. इथे तो तसा होत नाही. ज्याला क्षमा मिळाली तोच मरतो. मग वालज्याँचं काही चुकलं का? आणि चुकलं नसेल, तर हे असं का घडलं?

नाटक आणि त्याआधीचा हिशेब

व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी 1862ची. क्लोद-मिशेल शोनबर्ग यांचं संगीत आणि आलाँ बुब्लिल व ज्याँ-मार्क नातेल यांची फ्रेंच गीतं घेऊन ती 1980मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आली. आज जगाला माहीत आहे ते रूप मात्र लंडनचं: ऑक्टोबर 1985, बार्बिकन, दिग्दर्शक ट्रेव्हर नन आणि जॉन केर्ड, इंग्रजी गीतं हर्बर्ट क्रेट्झमर. सुरुवातीच्या परीक्षणांनी नाटकाला झोडपलं, प्रेक्षकांनी मात्र ते उचलून धरलं. हे मिशनऱ्यांचं नाटक नाही. ह्यूगोचं स्वतःचं चर्चशी पुढे जमेनासं झालं. कुठल्याही चर्चची प्रार्थना आपल्यासाठी नको, पण देवावर श्रद्धा आहे, असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. तरीही या नाटकाचा कणा शुभवर्तमानाचा आहे आणि तो कुणी बाहेरून चिकटवलेला नाही. त्याशिवाय कथा उभीच राहत नाही.

बॅरिकेडवरच्या त्या सुरीचा उगम दीन्य या फ्रेंच गावातल्या बिशपच्या घरात आहे. साल 1815. सुटलेल्या कैद्याला गावात कुणी थारा देत नाही, बिशप मिरिएल देतो. वालज्याँ रात्री त्याची चांदीची भांडी घेऊन पळतो. शिपाई त्याला पकडून परत आणतात, तेव्हा बिशप सांगतो की भांडी मीच दिली होती, आणि वर विचारतो, तू घाईत निघालास, मेणबत्त्यांची चांदीची शमादानं का विसरलास? ह्यूगोने हा बिशप हवेतून काढलेला नाही. दीन्यचे खरे बिशप बियाँव्हन्यू द मिओलिस त्याच्या डोळ्यांसमोर होते.

बिशप खोटं बोलला का, हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, आणि तो टाळू नये. माझं उत्तर असं: बिशपने त्याच क्षणी ती भांडी खरोखर देऊन टाकली. चोरीची वस्तू दान झाली आणि दानावर खटला चालत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की कुणी फिर्याद करून तुझी बंडी घेऊ पाहत असेल, तर त्याला अंगरखाही घेऊ दे (मत्तय 5:40). भांडी म्हणजे बंडी, शमादानं म्हणजे अंगरखा. या वचनाचं इतकं सरळ नाट्यरूप मला दुसरं माहीत नाही.

पण बिशप हिशेब मिटवून मोकळा होत नाही. या चांदीच्या बळावर प्रामाणिक माणूस हो, तुझा आत्मा मी देवासाठी विकत घेतला आहे, असं तो बजावतो. ते सांगताना तो हुतात्म्यांची आणि ख्रिस्ताच्या रक्ताची साक्ष काढतो. म्हणजे ही सुटका फुकटची नाही, तिची किंमत दुसऱ्या कुणीतरी आधीच मोजली आहे. वधस्तंभाबद्दल चर्च जे सांगतं ते इथे एका कडव्यात येऊन जातं, आणि ज्याला ते ओळखू येत नाही त्यालाही प्रसंग पुरता कळतो.

दोन स्वगतं, एक चाल

नाटकाचा खरा युक्तिवाद संगीतात आहे. जुन्या मराठी संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' छापलेली असे. ती पाहिली की हे पद मनात कुठल्या सुरांवर म्हणायचं ते वाचकाला समजायचं. 'ले मिझराब्ल'च्या संहितेत तशी चाल छापायची म्हटली, तर बिशपच्या घरून बाहेर पडलेल्या वालज्याँच्या स्वगतावर आणि पुलावर उभ्या जावेरच्या शेवटच्या स्वगतावर एकच चाल छापावी लागेल. सूर तेच, आवेग तोच. मधे संबंध नाटक उलटून गेलेलं आहे.

दोघांची परिस्थितीही अगदी एक आहे. ज्याच्याकडून दयेची अपेक्षा ठेवायला काही कारण नव्हतं, त्याने दोघांना जीवदान दिलेलं आहे. दोघांनी आयुष्यभर सांभाळलेला नियम एका फटक्यात खोटा ठरला आहे. वालज्याँचा नियम होता डोळ्याबद्दल डोळा. जगाने मला कधी दया दाखवली नाही, मीही जगाला दाखवणार नाही. जावेरचा नियम असा की गुन्हेगार बदलत नाही आणि कायदा कधी चुकत नाही. वालज्याँला आपली लाज सुरीसारखी आत रुतल्यासारखी वाटते. जावेरला वालज्याँच्या हातातली ती न चाललेली सुरी आठवत राहते. आणि शेवटाजवळ दोघेही जवळजवळ शब्दशः एकच ओळ गातात: आता मी ज्याँ वालज्याँच्या जगातून सुटतो.

एकच ओळ, पण पुढचं पाऊल वेगळं. वालज्याँ सुटलेल्या कैद्याने बाळगायचा आपला पिवळा परवाना फाडतो आणि नवी कथा सुरू करतो. जावेर म्हणतो, वळायला कुठे जागाच नाही, आणि उडी घेतो.

जावेरचे शब्द नीट ऐकले तर कळतं की त्याला काय सोसवत नाही. चोराच्या ऋणात जगणं. सूड घ्यायचा हक्क त्याचा होता आणि त्याने मला माझा जीव परत दिला, असं तो म्हणतो. सूड घेणं माझ्याकडे आहे, मी फेड करीन, असं प्रभू म्हणतो, हे प्रेषित पौलाच्या पत्रातलं वाक्य (रोम 12:19) त्यामागे स्पष्ट ऐकू येतं. पुढे जावेर स्वतःलाच कायदा म्हणवतो आणि त्या कायद्याचा उपहास होऊ देणार नाही असं बजावतो. गलतीकरांस पत्रात (6:7) 'उपहास होऊ शकत नाही' हे शब्द देवाबद्दल आहेत. जावेरने देवाच्या जागी कायदा बसवला आहे, आणि त्याचा पत्ता त्याला स्वतःलाही लागलेला नाही. तो ढोंगी नाही. लाच खात नाही, कुणावर वैयक्तिक डूख धरत नाही. ताऱ्यांकडे पाहून तो गातो तेव्हा ती खरीच प्रार्थना असते. म्हणूनच त्याचा शेवट इतका चटका लावतो. खलनायक म्हणून त्याला बाजूला सारता येत नाही. नेमाने उपासनेला येणाऱ्या, कुणाचं देणं न ठेवणाऱ्या, आणि पडलेल्या माणसाकडे मान वळवून न पाहणाऱ्या कितीतरी सज्जनांत तो आहे, आणि माझ्यातही तो अधूनमधून डोकं वर काढतो.

मत्तयच्या 18व्या अध्यायात येशू निर्दय चाकराचा दाखला देतो. राजा एका चाकराचं 10,000 तालांतांचं कर्ज माफ करतो. कुठल्याही चाकराला जन्मात फेडता न येणारी ही रक्कम. तोच चाकर बाहेर पडून 100 दीनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. प्रवचनांत हे 100 दीनार क्षुल्लक म्हणून सोडून दिले जातात. तसे ते नव्हते. दीनार म्हणजे मजुराचा एक रोज, तेव्हा 100 दीनार हे कष्टकऱ्याचं चांगलंच मोठं नुकसान. जावेरने वालज्याँचं केलेलं नुकसानही खरं आहे. त्याच्यामुळे वालज्याँला नाव बदलून जगावं लागलं, नव्या नावाने मिळवलेलं महापौरपद गेलं, त्याच्या कारखान्यात पूर्वी कामाला असलेल्या फाँतीनच्या उशाशी ती मरत असताना शांतपणे बसताही आलं नाही. क्षमा करताना वालज्याँ हे नुकसान लहान करून सांगत नाही. त्याला फक्त आपलं माफ झालेलं मोठं कर्ज आठवतं. दाखल्यातल्या चाकराने जे करायला हवं होतं, ते वालज्याँ बॅरिकेडवर करतो.

एका ठिकाणी मात्र कादंबरी नाटकापेक्षा खरी वाटते. ह्यूगोचा वालज्याँ बिशपकडून निघाल्यावर लगेच सुधारत नाही. वाटेत तो प्ती-जेर्व्हे नावाच्या मुलाचं चाळीस सूंचं नाणं पायाखाली दाबून ठेवतो. पोरगं रडत निघून जातं आणि मग त्याला आपण काय केलं ते कळतं. आज रंगणाऱ्या नाटकात हा प्रसंग नाही, तिथे परिवर्तन एका गाण्यात पुरं होतं. ही उणीव मला लागते. क्षमा मिळाल्यानंतरही हात जुन्या सवयीने चोरी करतो, हे ज्यांनी स्वतःत पाहिलं आहे त्यांना कादंबरीतलं ते नाणं मोठा आधार देतं.

सुरी थांबली नसती तर

ही कल्पना करायची गरज नाही, कारण दुसऱ्या एका म्युझिकलमध्ये ती थांबतच नाही. स्टीव्हन सॉन्डहाइम आणि ह्यू व्हीलर यांचं 'स्वीनी टॉड' 1979मध्ये ब्रॉडवेवर आलं, दिग्दर्शन हॅरल्ड प्रिन्स यांचं. नायक बेंजामिन बार्कर हा न्हावी. एका न्यायाधीशाची त्याच्या बायकोवर नजर असते, म्हणून खोट्या आरोपावर त्याला ऑस्ट्रेलियात हद्दपार केलं जातं. पंधरा वर्षांनी तो नाव बदलून लंडनला परततो. वालज्याँशी किती साम्य आहे पाहा: अन्यायाची शिक्षा, नवं नाव, आणि एक दिवस शत्रू स्वतःहून त्याच्या खुर्चीत मान मागे टाकून बसतो. वस्तरा गळ्याला लागणार तेवढ्यात कुणीतरी आत येतं आणि न्यायाधीश निसटतो.

इथून पुढे जे होतं ते भयंकर खरं आहे. हुकलेला सूड थंडावत नाही, पसरतो. एका माणसाला मारायला निघालेला टॉड सगळेच मरणाच्या लायकीचे आहेत या निष्कर्षाला येतो, आणि अनोळखी गिऱ्हाइकांचे गळे कापू लागतो. शेवटी न्यायाधीश पुन्हा हाती लागतो तेव्हा आड आलेल्या एका भिकारणीला तो न पाहताच मारतो. सूड पुरा झाल्यावर तिचा चेहरा उजेडात येतो. ती त्याची बायको असते, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं.

सॉन्डहाइमने या नाटकाच्या संगीतात 'दीएस इरे' या कोपदिनाच्या मध्ययुगीन लॅटिन स्तोत्राची छाया वापरली आहे. न्यायाचा दिवस देवाचा, हे त्या स्तोत्राचं म्हणणं. टॉड तो दिवस आपल्या दुकानात उघडून बसतो. 'फेड मी करीन' या वचनाकडे पुष्कळ लोक सबुरीचा कोरडा सल्ला म्हणून पाहतात. मला त्यात संरक्षण दिसतं. अन्याय झालेला माणूस मोजमाप नीट करू शकत नाही. त्याचं दुःख खोटं असतं असं नव्हे. दुःख इतकं मोठं असतं की त्यापलीकडचं त्याला दिसत नाही, म्हणून ते मोजमाप त्याच्या हातून काढून घेतलं आहे. टॉडला बायको दिसली नाही ती याच कारणाने.

वालज्याँचं चुकलं का

पौल रोम 12 मध्येच पुढे लिहितो की शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला दे, तसं केल्याने तू त्याच्या मस्तकावर निखाऱ्यांची रास करशील. जावेरच्या बाबतीत हे निखारे खरोखर पेटले. म्हणून काहीजण म्हणतात की वालज्याँची दया हाच जावेरवर घेतलेला सगळ्यात क्रूर सूड होता. हा आरोप मला मान्य नाही, आणि त्याचं कारण तो पत्ता आहे. वालज्याँला जावेरला नमवायचं असतं किंवा आपण किती थोर ते दाखवायचं असतं, तर त्याने पत्ता दिला नसता. पत्ता देऊन तो स्वतःला जावेरच्या हाती सोपवतो. कायद्यापासून पळायचा हक्कही तो क्षमेच्या बदल्यात मागत नाही. पुढे बॅरिकेडवरच्या मारिउस या जखमी विद्यार्थ्याला खांद्यावर घेऊन तो गटारातून बाहेर येतो आणि जावेर समोर उभा असतो, तेव्हाही तो सुटका मागत नाही. फक्त तासभर वेळ मागतो, या पोराला उपचार मिळावेत एवढ्यासाठी.

क्षमा करणारा माणूस समोरच्याने तिचं काय करावं हे ठरवू शकत नाही. बिशपलाही ठाऊक नव्हतं की हा माणूस ती शमादानं विकून दारू पिईल की प्रामाणिक होईल. जावेरसमोरही नवी कथा सुरू करायचा रस्ता उघडा होता, वालज्याँनेच तो चालून दाखवला होता. त्यासाठी एकच गोष्ट मान्य करावी लागणार होती, की आपणही कुणाचं तरी देणं लागतो. मराठी चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणताना आपण दर वेळी 'आमची ऋणं सोड' म्हणत स्वतःला ऋणकरी म्हणवतो. जावेरला ते एक वाक्य उच्चारता आलं नाही.

इथे एक सावधगिरी हवी. जावेर म्हणजे जुना करार आणि बिशप म्हणजे नवा करार, अशी सोपी वाटणी मी व्यासपीठावरून ऐकली आहे. ती चुकीची आहे आणि यहुदी लोकांवर अन्याय करणारी आहे. सूड उगवू नको, शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर, हे लेवीय 19:18 आहे. पाषाणाचं हृदय काढून मांसाचं देण्याचं वचन यहेज्केलातलं आहे, आणि दगड झालेल्या काळजाची तीच गोष्ट वालज्याँ आपल्या स्वगतात गातो. जावेरला बायबलमधलं नियमशास्त्र कळलं असतं तर तो वाचला असता.

या प्रकरणातून काय लादू नये

वालज्याँ क्षमा करतो ती त्याच्यावर झालेल्या अन्यायाची. फाँतीनवरच्या अन्यायाची क्षमा तो तिच्या वतीने वाटत फिरत नाही. उलट तिच्यापुढे तो स्वतः आरोपी आहे. त्याच्याच कारखान्यातून तिला हाकललं गेलं, आणि मुकादमावर सोपवून त्याने पाठ फिरवली होती. नाटकाच्या शेवटी त्याला न्यायला कोण येतं? फाँतीन येते. मरताना त्याच्या तोंडी अपराधांच्या क्षमेची याचना आहे. म्हणजे ज्याने जावेरला सोडलं तो स्वतः क्षमा मागत जातो, आणि जिचं त्याने नुकसान केलं तीच त्याला आशीर्वाद देते. मारिउसचंही तसंच. मित्र मेले, मी जगलो, मला क्षमा करा, असं तो रिकाम्या टेबलांपुढे गातो ती चाल बिशपने वालज्याँला घरात बोलावलं तेव्हाची आहे. उत्तर द्यायला मेलेले मित्र येत नाहीत, पण संगीतकाराने प्रश्नाच्या सुरातच 'आत ये' ठेवलं आहे.

नाटकाच्या शेवटच्या ओळींत असं येतं की दुसऱ्यावर प्रेम करणं म्हणजे देवाचं मुख पाहणं. योहानाचं पहिलं पत्र सगळ्यांना आठवतं, मला मात्र उत्पत्तीचा 33वा अध्याय आठवतो. याकोबाने एसावाचा आशीर्वाद लुबाडला होता, एसावाने त्याला ठार मारायचं मनाशी ठरवलं होतं. वीस वर्षांनी एसाव 400 माणसं घेऊन सामोरा येतो आणि धावत जाऊन भावाला मिठी मारतो. तेव्हा याकोब म्हणतो, तुझं मुख पाहणं म्हणजे देवाचं मुख पाहण्यासारखं आहे. लेखकांनी ते जाणूनबुजून घेतलं असं माझं म्हणणं नाही. पण सूड टळल्याच्या क्षणी निघालेलं हे बायबलमधलं वाक्य या नाटकाच्या शेवटाशी चपखल बसतं.

आणि त्या अध्यायाचा पुढचा भाग वगळून हे प्रकरण कुणालाही शिकवू नये, विशेषतः घरात मार खाणाऱ्या बाईला 'क्षमा कर आणि परत जा' असं सांगणाऱ्यांनी. मिठी झाल्यावर एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब नम्रपणे नकार देतो. एसाव सेईरला जातो, याकोब सुक्कोथला जाऊन घर बांधतो. क्षमा झाली आहे, ती खरी आहे, आणि दोन भावांची घरं वेगळी आहेत. पवित्र शास्त्र त्याबद्दल दोघांपैकी कुणालाही दोष देत नाही.